भाऊजींचा हिशोब आणि मावशींचे चाळीस हजार

आलेलं पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, मी पुण्यात राहते, एकत्र कुटुंब आहे. आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून कामाला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्या मिस्टरांना अँजिओप्लास्टी सांगितलीये, पंधरा दिवसांत करून घ्या म्हणाले आहेत. हॉस्पिटलने आधी पैसे भरायला सांगितलेत आणि मावशींनी माझ्याकडे ४० हजार मागितले. मी हे रात्री जेवताना बोलले तर मोठे भाऊजी (आयटीत आहेत) म्हणाले की हा निव्वळ इमोशनल निर्णय आहे, तेवढ्याच पैशात आफ्रिकेत मच्छरदाण्या वाटल्या तर कितीतरी जास्त फायदा होतो, आणि एकदा दिलं की सवय लागते, लाडक्या बहिणीचं काय झालं बघ. मी म्हणाले, समोर माणूस अडलेला असताना हिशोब करत बसणं हेच मला किळसवाणं वाटतं, देताना प्रश्न विचारायचे नसतात. मग मला रडू आलं आणि मी ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला आहे. नवरा म्हणतो तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. मी खरंच भावनेच्या भरात वाहवत जाणारी आहे का? आणि पैसे देऊ की नको?"

अगं, आधी नवऱ्याचं. 'दोघंही बरोबर' हे वाक्य नवरे मंडळी फक्त जेवण शांततेत संपावं म्हणून बोलतात, त्यावर फार विचार करू नकोस. माझ्या मते तुम्ही दोघंही अर्धवट आहात, पण ते नंतर, कारण पंधरा दिवसांतले काही तुझं पत्र माझ्यापर्यंत पोचण्यातच गेले असणार, म्हणून आधी कामाचं बोलू.

मावशींकडे रेशनकार्ड आहे का ते विचार. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे आणि अँजिओप्लास्टी ही त्यातली अगदी नेहमीची केस. पण त्यासाठी हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे, आणि माझा अंदाज असा की मावशी ज्या हॉस्पिटलला गेल्या ते नसावं, म्हणून तर आधी पैसे मागितले. योजनेतल्या हॉस्पिटलमधे 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि आत्तापर्यंतचे रिपोर्ट दाखवायचे, तो सांगतो केस बसते की नाही. दुसरा रस्ता धर्मादाय हॉस्पिटलचा. पब्लिक ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, ही स्कीम हायकोर्टाच्या आदेशाने २००६ पासून चालू आहे. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तिथे सोशल वर्करला भेटायचं, रिसेप्शनला विचारलं तर हमखास 'आत्ता बेड नाही' असं उत्तर मिळतं, म्हणून थेट सोशल वर्कर. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागू शकतो, तो आजच काढायला टाका.

म्हंजे मावशींना कदाचित ४० हजार लागणारच नाहीत, किंवा औषधं, येणंजाणं आणि महिनाभर बुडलेला पगार एवढंच लागेल. आणि हे तुला कळलं असतं कधी, तर तू प्रश्न विचारले असतेस तेव्हा. हा तुझा अर्धवटपणा.

आता भाऊजींच्या मच्छरदाण्या. ते हवेतलं बोलत नाहीयेत हे आधी मान्य कर. गिव्हवेल नावाची अमेरिकेतली एक संस्था आहे, २००७ मधे दोन फायनान्सवाल्या तरुणांनी काढलेली, ती हेच काम करते की आपला एक डॉलर कुठे दिला तर सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, आणि मलेरियाच्या मच्छरदाण्या त्यांच्या यादीत वर्षानुवर्षं वर आहेत. यात किळसवाणं काही नाही. लांबचं मूल दिसत नाही म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही, हा मुद्दा करुणेचाच आहे, उलट तुझ्यापेक्षा लांब पोचणारी करुणा आहे ती. फक्त त्यांच्याच हिशोबाने एक जीव वाचवायला काही हजार डॉलर लागतात, ४० हजार रुपये म्हंजे पाचशे डॉलरच्या आतबाहेर, तेव्हा 'तेवढ्यात कितीतरी जीव' वगैरे काही नाही, एका जीवाचा छोटासा हिस्सा. तोही काही कमी नाही. पण मला भाऊजींना एकच विचारायचंय, त्यांनी मच्छरदाण्यांना आजवर किती पाठवले? पाठवले असतील तर मी त्यांच्यापुढे हात जोडते, आणि मग तुमचं भांडण दोन देणाऱ्या माणसांचं आहे, त्याला मजा आहे. पाठवले नसतील तर त्या मच्छरदाण्या फक्त मावशींना नाही म्हणायच्या कामाला आल्या. मावशींचे ४० हजार न देऊन ते आफ्रिकेला जाणार नव्हतेच, ते एसआयपीत जाणार होते किंवा नव्या फोनमधे. आणि मावशींचं काम अडलं तर त्याची झळ घरात लागणार, मच्छरदाणीवाल्या मुलाची लागणार नाही, एवढा तरी फरक त्यांच्या एक्सेलमधे असायला हवा.

सवय लागते या मुद्द्यावर जरा थांबते कारण हा घराघरात निघतो, आणि काढणारा तो एकदम शास्त्रीय असल्यासारखा काढतो. शास्त्रच हवं असेल तर अभिजित बॅनर्जींचं घ्या, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, जन्म मुंबईचा, आई माहेरची पाटणकर, त्यामुळे आपल्याला थोडी कॉलर टाइट करायला हरकत नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या पैसे वाटायच्या सात सरकारी योजनांचे आकडे एकत्र करून पाहिलं की फुकट पैसे मिळाल्यावर लोक काम सोडतात का. तसं काही दिसलं नाही. दारू-तंबाखूवर उडवतात का, यावर वर्ल्ड बँकेच्या लोकांनी २०१४ मधे १९ अभ्यास तपासले, तिथेही खर्च वाढल्याचं दिसलं नाही. एखादा माणूस उडवतोच, आपल्या नात्यातही बोनस उडवणारे आहेत की, पण त्यांच्यावरून आपण बोनस बंद करा म्हणत नाही.

पण मला खरं आवडतं ते बॅनर्जींचंच उदयपूरचं काम, कारण तिथे फुकट देणं आणि हिशोब एकाच टोपलीत आहेत. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत लहान मुलांचं लसीकरण पूर्ण होतच नव्हतं. सरकारी केंद्रात लस फुकटच असते, पण केंद्र लांब, आणि गेलं तर नर्स असेलच असं नाही, मग त्या दिवसाची मजुरी बुडवून बाई कशाला जाईल. तिथे सेवा मंदिर या संस्थेबरोबर यांनी काय केलं, काही गावांत ठरलेल्या दिवशी न चुकता कॅम्प लावला, आणि काही गावांत कॅम्प अधिक प्रत्येक डोसला एक किलो डाळ, सगळे डोस पूर्ण झाले की वर थाळ्यांचा सेट. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण साधारण ६ टक्के मुलांचं, नुसत्या कॅम्पच्या गावांत १८ च्या आसपास, आणि डाळवाल्या गावांत ३९. भाऊजी लगेच म्हणतील डाळीचा खर्च कोणी द्यायचा. तर गंमत इथेच आहे, डाळ देऊनसुद्धा दर मुलामागचा खर्च जवळपास निम्मा झाला, कारण नर्सला दिवसाचा पगार द्यायचाच होता, दहा मुलं आली काय आणि चाळीस आली काय. आईला मुलाची काळजी नाही असं समजून तिला लेक्चर देणं हे इथे नुसतं निर्दयी नाही, महागपण पडलं असतं. आणि हे कळलं ते मोजल्यामुळे, गहिवरून नाही. हे वाक्य तुझ्यासाठी.

आता उलट्या बाजूचं, आणि हे आपल्याच मातीतलं आहे. सर रिचर्ड टेंपल नावाचा इंग्रज अधिकारी होता. १८७३-७४ मधे बिहार-बंगालकडे दुष्काळ पडला तेव्हा याने ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणला, लोकांना मोकळ्या हाताने मदत केली, आणि भूकबळी जवळजवळ पडले नाहीत. आता तुला वाटेल त्याचा सत्कार झाला असेल. अजिबात नाही, सरकारी पैसा उधळला म्हणून त्याच्यावर सडकून टीका झाली. दोन-तीन वर्षांनी दख्खनमधे आणि मद्रासकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा व्हाइसरॉय लिटनने पाठवलं यालाच, खर्च आटोक्यात ठेव सांगून. आणि पठ्ठ्याने यावेळी काटेकोर हिशोब केला. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हंजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. त्याचं म्हणणं की एवढ्यावर माणूस जगतो की नाही हे करून पाहायला हरकत नाही, जास्त दिलं तर लोकांना कामावर यायची सवय लागेल. ओळखीचं वाटतंय ना? मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी संप केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली, सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे त्यात होते. मद्रासकडे डॉ. कॉर्निश नावाच्या आरोग्य अधिकाऱ्याने आकडे देऊन सांगितलं की अशा मेहनतीला हे अन्न पुरत नाही. शेवटी काही महिन्यांनी तो दर वाढवावा लागला. त्या दुष्काळात नुसत्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे.

टेंपलला कोणी मूर्ख म्हणणार नाही. आकडे त्याच्याकडे होते, कागद होता, शिस्त होती. त्याने फक्त एकच बाजू मोजली, तिजोरीतून किती जातंय ती. पौंडभर धान्यावर जो माणूस आठवड्याने कुदळ उचलू शकला नाही तो त्याच्या वहीत कुठेच नव्हता. आणि कॉर्निशने किंवा सार्वजनिक सभेने त्याला हरवलं ते रडून नाही, दुसरी वही उघडून. त्याच वर्षी जोतिरावांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम काढला, लोकांना आवाहन करून मदत गोळा केली. मला नाही वाटत कोणी त्यांना म्हणालं असेल की तात्या, हे जरा इमोशनल होतंय. म्हणालं असतं तर काय उत्तर मिळालं असतं तेही मी इथे लिहू शकत नाही.

तर भाऊजींचा अर्धवटपणा हा आहे. मदतीत चुका दोन प्रकारच्या होतात, ज्याला नको होतं त्याला मिळालं, आणि ज्याला हवं होतं तो राहून गेला. हिशोबी म्हणवणारी माणसं बहुतेक वेळा पहिलीच चूक मोजतात आणि दुसरीचा कॉलमच ठेवत नाहीत. लाडकी बहीणच घे. २०२४ मधे योजना आली, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५०० रुपये, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. २०२५ च्या जुलैमधे बातमी आली की चौदा हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यावर पैसे गेले, झालं, आठवडाभर सगळ्या ग्रुपवर तेच. बरोबरच आहे, संताप यायलाच पाहिजे. मग ई-केवायसी आली, आणि तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागायला लागले. आता जिचा नवरा वारला आणि वडील त्याच्या आधीच गेले, किंवा नवऱ्याने टाकलंय आणि त्याचा पत्ताच नाही, तिने तिथे काय टाकायचं? अशा बायका सेतू केंद्रावर आणि अंगणवाडी ताईंकडे खेटे घालत होत्या, ओरड झाल्यावर मग त्यांच्यासाठी वेगळी सोय काढली आणि मुदत वाढवली. योजना जिच्यासाठी सगळ्यात जास्त लागू तीच फॉर्ममधे बसत नव्हती. तुमच्या ग्रुपवर याचा एक तरी फॉरवर्ड आला होता का ते बघ.

भाऊजी योजनेच्या खर्चावर बोलत असतील तर मात्र बोलू दे हां, एवढा पैसा दरवर्षी कुठून येणार, त्यापायी दुसऱ्या कोणत्या खात्याला कात्री लागते, निवडणुकीच्या तोंडावरच कसं सुचतं, हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारणारा माणूस दुष्ट ठरत नाही. तू तिथे 'तुम्हाला गरिबांचं काही पडलेलं नाही' म्हणून सुटका करून घेऊ नकोस.

आणि त्यांना एक सांग, ते गेली कित्येक वर्षं गरिबांना मदत करतायत, त्यांना माहीत नसेल. पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, तो व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ मधे लागला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. १९७२ चा दुष्काळ, ही योजना मांडणारे वि. स. पागे, पुढे १९७७ चा कायदा, हे सगळं त्यांना शाळेत परीक्षेपुरतं पाठ असेल. त्यातली हुशारी बघ, गरीब कोण हे ठरवायला दाखला नाही, चौकशी नाही, जो माणूस एवढ्या मजुरीवर उन्हात माती उपसायला तयार आहे त्याला गरज आहेच, तर मागेल त्याला काम. घोटाळे तिथेही झाले, हजेरीपटावर मेलेली माणसं कामाला आली, पण योजना आखणाऱ्यांनी दोन्ही चुकांचा विचार केला होता एवढं नक्की. शहरातल्या पगारदारांच्या पैशावर खेड्यातल्या मजुराला हक्काचं काम, हे कोणी नुसतं कळवळून नाही केलं आणि नुसतं कॅल्क्युलेटर घेऊन तर अजिबातच नाही.

आता तुझ्याकडे येते. तू विचारलंस मी वाहवत जाते का. ज्या बाईला रोज बघतेस तिच्यासाठी जीव तुटणं याला वाहवणं म्हणत नाहीत, जीव तुटला नाही तर मोजायला बसणार कोण आणि कशासाठी? पण 'देताना प्रश्न विचारायचे नसतात' हे मला मंजूर नाही. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा लोकांनी मनापासून ट्रकच्या ट्रक कपडे पाठवले, त्यातले कितीतरी फाटके, जुने, आणि तिकडे हवं होतं पिण्याचं पाणी, औषधं, अंथरूण-पांघरूण, चिखल काढायला खराटे. मग ते ढीग कुठे टाकायचे हे पूरग्रस्तांच्या डोक्याला आणखी एक काम. पाठवणाऱ्यांना मात्र रात्री छान झोप लागली असणार. तुलाही ४० हजार दिले की हलकं वाटेल आणि मावशी त्या महागड्या हॉस्पिटलात पहिला हप्ता भरून अडकतील, मग पुढचे दोन लाख कुठून आणणार? सावकाराकडून, अजून कुठून. विचारलं म्हंजे संशय घेतला असं नसतं. फक्त विचारताना पोलिसांसारखं नको, शेजारी बसून विचार, आणि घरातल्या सगळ्यांसमोर नको.

पैसे द्यायचे का, तर हो दे. आधी योजनेचं बघा, मग जे कमी पडेल ते तुम्हाला झेपेल तेवढं. आणि दिलेत म्हणायचं की उसने म्हणायचं ते त्याच दिवशी स्पष्ट बोला. माझं मत विचारशील तर दिलेत म्हण. उसने म्हणून द्यायचे आणि मग दर महिन्याला पगारातून कापायचे हे मी चार घरांत बघितलंय, त्यात बाई दुसरं काम धरू शकत नाही, सुट्टी मागू शकत नाही, आणि आपल्याला वाटतं आपण उपकार केले.

एक गोष्ट मात्र तुझ्या अख्ख्या पत्रात नाही, आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावरही कोणी काढली नसणार. मावशींना पगार किती आहे? सासूबाईंच्या काळापासून येतात म्हणतेस, म्हंजे बरीच वर्षं झाली. दरवर्षी वाढ देता का, की त्यांनी मागितल्यावर दोनशे-तीनशे? आजारी पडल्या तर खाडा कापता? भाऊजींना कंपनीचा मेडिक्लेम आहे, बहुतेक आईवडिलांसकट, त्याला कोणी मदत म्हणत नाही आणि त्याची सवय लागेल अशी काळजीही कोणी करत नाही. मावशींच्या घरी आजारपण आलं की त्यांना तुझ्यापुढे उभं राहून मागावं लागतं, याचं कारण त्या गरीब आहेत एवढंच नाही, आपण सगळ्यांनी त्यांच्या कामात आजारपणाची सोयच धरलेली नाही हे आहे. पगार वाढवा, महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या द्या, दिवाळीला पूर्ण पगाराचा बोनस द्या. हा दानधर्माचा विषय नाही आणि भाऊजींच्या मच्छरदाण्यांशी याची स्पर्धा नाही, हे तुम्ही त्यांचं देणं लागता. हे बोलल्यावर टेबलावर कोण कोण गप्प बसतं ते मला कळव, मला फार उत्सुकता आहे.

अबोला तूच मोड, मोठेपणा वगैरे म्हणून नाही, काम आहे म्हणून. भाऊजींना सांग की मला तुमचा हिशोब पाहिजे. योजनेतली जवळची हॉस्पिटलं कोणती, धर्मादाय कोणती, कुठे अँजिओप्लास्टी होते, मावशींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न दोघांचं मिळून कोणत्या मर्यादेत बसतं, आणि आत्ताच्या हॉस्पिटलने दिलेल्या एस्टिमेटमधे कशाकशाचे पैसे लावलेत, हे सगळं बघायला त्यांच्यासारखा माणूस उत्तम, तू आणि मी त्या एस्टिमेटकडे बघून नुसत्या घाबरू. जमलं तर त्यांनाच मावशींच्या मिस्टरांबरोबर पाठव. समोर शर्ट-पँटमधला, इंग्लिश बोलणारा माणूस उभा असला की काउंटरवरची भाषा कशी बदलते हे त्यांनी एकदा जवळून बघितलेलं बरं, त्याचा डेटा त्यांना कुठे मिळणार नाही. रेशनकार्ड ओरिजिनल न्यायला सांग, झेरॉक्सवर परत पाठवतात. आणि शनिवारवर ढकलू नका, बऱ्याच ठिकाणी सोशल वर्कर अर्धाच दिवस असतात.